हाताचे खाते बंद करताना

आपल्याकडे अर्धांगवायूला नावे तरी किती! खेड्यात 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात, कुठे 'लकवा मारला' म्हणतात, शहरातल्या सोसायटीत 'पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला' म्हणतात, आणि ज्यांची मुले डॉक्टर आहेत ते नुसते 'स्ट्रोक' म्हणून थांबतात. नावे वेगळी, पण नंतरची वाक्ये मात्र घरोघरी तीच. पहिल्या आठवड्यात, 'जिवावरचं शेपटावर निभावलं'. दुसऱ्या महिन्यात, 'धरून धरून संडासापर्यंत जातात आता'. आणि सहा महिन्यांनी कुणी भेटायला आले की घरातली माणसे समाधानाने सांगतात, 'काठी घेऊन चालतात बरं का. फक्त हात तेवढा गेला.'

या 'फक्त'बद्दल मला बोलायचे आहे.

हात गेला म्हणजे काय गेले? उजवा गेला तर जेवण गेले. आपली पोळी एका हाताने मोडायची असते आणि तो हात उजवा असतो. डाव्या हाताने जेवणारा माणूस पंगतीला बसत नाही. लग्नाला गेलाच तर 'भूक नाही' म्हणून आईस्क्रीम तेवढे घेतो. डावा गेला तर लोक म्हणतात, नशीब, उजवा वाचला! पण निऱ्या एका हाताने घालता येत नाहीत. कणीक एक वेळ मळता येईल, पण परात फिरते ती कोण धरणार? पायजम्याची नाडी, शर्टाचे बटण, औषधाच्या बाटलीचे झाकण, नारळ, आंघोळीत पाठ चोळणे, नातवंडाला उचलणे, देवापुढे हात जोडणे, या सगळ्याला दोन हात लागतात. एका हाताने टाळी वाजत नाही ही म्हण आपण भांडणापुरती वापरतो. ती अर्धांगवायूच्या रुग्णाला रोज भैरवी रंगली की आठवते.

आम्हा कादंबरीकारांनीही या रोगावर अन्यायच केला आहे. कादंबरीतला अर्धांगवायू नेहमी वाचा नेतो. म्हातारे वडील खाटेवर पडलेले, डोळ्यांतून पाणी, मृत्युपत्राचे गुपित पोटात आणि बोलता येत नाही! कथानकाला फार सोयीचे. पण बोलता येणाऱ्या, चालता येणाऱ्या आणि चहाचा कप उचलता न येणाऱ्या माणसाची गोष्ट लिहायला कुणी बसत नाही, कारण त्यात घडत काहीच नाही. तो रोज घडतच राहतो.

बँकेत मी छत्तीस वर्षे काढली. तिथे मात्र हा हात मला टेबलापलीकडे सतत भेटत असे. नोव्हेंबरात हयातीचे दाखले द्यायला पेन्शनर येत, तेव्हा तर हमखास. एका तालुक्याच्या गावी असताना एक निवृत्त मुख्याध्यापक आले. नमुना सहीच्या कार्डावर त्यांची सही होती ती मोत्यांची ओळ! उजवा हात गेल्यावर डाव्या हाताने केलेली सही म्हणजे कोंबडीचे पाय. ती जुळेना. अशा खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे आणि तो दयाळूही आहे. अंगठ्याचा ठसा, तोही जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा, आणि दोन साक्षीदार, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. मी शाईचे पॅड पुढे केले. गुरुजी हसून म्हणाले, 'साहेब, या गावातले अंगठेबहाद्दर मी चाळीस वर्षं कमी करत आलो. आज एक वाढवतो.' ठसा उमटवल्यावर शाई पुसायला त्यांना दुसरा हात नव्हता. त्यांनी अंगठा काउंटरच्या कडेला घासला. तिथे तसे खूप डाग होते.

गुरुजींना त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले होते, 'सहा महिन्यांत जे आलं ते आलं.' हे वाक्य मी तेव्हापासून शेकडो वेळा ऐकले. ते अगदीच खोटे आहे असेही नव्हे. मेंदूतला रक्तपुरवठा तुटल्यानंतर आपोआप होणारी सुधारणा बहुतांशी पहिल्या तीन महिन्यांत होते, नंतर तिचा वेग मंदावतो, हे वैद्यकशास्त्र मानते. पण 'मंदावतो' याचा 'संपतो' असा अनुवाद कुणी आणि कधी केला? आणि एकदा तो केला की पुढची पंधरा-वीस वर्षे त्या हाताकडे कुणी बघायचेच नाही, हे कुणी ठरवले?

या वाक्याला एक धक्का फेब्रुवारी २०२३ मध्ये बसला. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठातले मार्को कापोग्रोसो आणि एल्विरा पिरोंदिनी, व शेजारच्याच कार्नेगी मेलन विद्यापीठातले डग्लस वेबर आणि त्यांचे सहकारी यांनी 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. अर्धांगवायूने हात गेलेल्या दोन व्यक्तींच्या मानेत, मणक्यांच्या आत पण मज्जारज्जूच्या आवरणाच्या बाहेर, शेवयांसारख्या बारीक दोन तारा सरकवण्यात आल्या. त्या तारांतून मज्जारज्जूला विजेचे सौम्य ठोके देण्यात आले. तारा २९ दिवस ठेवल्या आणि मग काढून घेतल्या. दोघींपैकी एकीला झटका येऊन नऊ वर्षे झाली होती. तिशीतली बाई, झटका आला तेव्हा ती विशीत होती. वीज सुरू झाल्यावर तिला मूठ पूर्ण उघडता-मिटता आली, हात डोक्यावर नेता आला, आणि काटा-सुरी धरून स्वतःच्या ताटातला मांसाचा तुकडा कापता आला. अमेरिकन माणसाच्या लेखी सुरी-काट्याने कापणे म्हणजे आपल्या लेखी पोळी मोडणे.

नऊ वर्षे! सहा महिन्यांच्या हिशेबाने तो हात अठरा वेळा मेला होता.

वीज नेमके काय करते, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. ती हात हलवत नाही. कठपुतळीची दोरी ओढावी तसा हा प्रकार नाही. हाताला हुकूम देणारे केंद्र मेंदूत, वरच्या भागात. तिथून निघालेला हुकूम मेंदूच्या तळाशी बाजू बदलून मज्जारज्जूतून मानेपर्यंत उतरतो. मानेत हाताच्या स्नायूंना प्रत्यक्ष चालवणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. मला हे हेड ऑफिस आणि शाखा यांसारखे वाटते. अर्धांगवायूत आग लागते ती हेड ऑफिसला. मानेतली शाखा शाबूत असते, कर्मचारी जागेवर असतात, तिजोरी भरलेली असते, पण वरून परिपत्रके येईनाशी होतात. आता मुद्दा असा की बऱ्याच रुग्णांत ती सगळीच बंद होत नाहीत. काही धागे वाचलेले असतात, त्यांतून पुसट, अर्धवट हुकूम येत राहतो. पण शाखेतला कारकून इतका पेंगुळलेला की तेवढ्याने त्याची झोप मोडत नाही.

पिट्सबर्गच्या तारा या कारकुनाला जागे ठेवतात. त्वचेकडून आणि स्नायूंकडून बातमी आणणारे संवेदी तंतू मज्जारज्जूत मागच्या बाजूने शिरतात. तारा त्यांच्या तोंडाशी ठेवलेल्या असतात. विजेने हे तंतू चाळवले की ते स्नायू चालवणाऱ्या पेशींना डिवचत राहतात, आणि मग मेंदूचा तोच पुसट हुकूम पुरेसा होतो. हात हलवायचा तो त्या बाईलाच. तिने इच्छा केली नाही तर हात जागचा हलत नाही. या गोष्टीने मी त्या बातमीवर खिळून राहिलो. नऊ वर्षे तिचा मेंदू हाताला हाक मारत होता, आणि ती हाक मानेपर्यंत पोचतही होती!

संवेदी तंतूंची ही गोष्ट खरे तर सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. १८९५ मध्ये फ्रेडरिक मॉट आणि चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनी माकडाच्या एका हाताचे फक्त संवेदी तंतू कापले. हुकूम नेणारे तंतू तसेच ठेवले. तरी माकडाने तो हात वापरणे सोडून दिले. शेरिंग्टन पुढे नोबेल मिळवणारे, त्यामुळे त्यांचे म्हणणे बराच काळ प्रमाण मानले गेले, की संवेदना नसेल तर हात निकामीच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अशाच माकडाचा चांगला हात बांधून ठेवला. आणि काय आश्चर्य, माकड 'निकामी' हाताने खाऊ लागले! हात गेलेला नव्हता. सुरुवातीच्या दिवसांत तो साथ देईना, चांगल्या हाताने काम भागले, आणि माकड तो न वापरायला शिकले. (याच टॉब यांच्या प्रयोगशाळेतल्या माकडांच्या हालांवरून १९८१ मध्ये अमेरिकेत मोठे प्रकरण झाले. माणसाच्या हातावर त्या मुक्या जिवांचे कर्ज आहे, एवढे नोंदवून पुढे जातो.) त्यातूनच माणसांसाठी उपचार निघाला. चांगल्या हाताला मोजा घालून तो अडवायचा आणि लुळ्या हाताकडून रोज तासन्‌तास काम करून घ्यायचे. २००६ मध्ये २२२ रुग्णांवर त्याची चाचणी प्रसिद्ध झाली आणि उपचार टिकला.

आता माझ्यातला बँक अधिकारी जागा होतो. दोन व्यक्ती! दोन खात्यांवरून शाखेचा ताळेबंद काढता येत नाही. पिट्सबर्गच्या अहवालात लिहिले आहे की पकडीची ताकद एकीत ४० टक्क्यांनी आणि दुसरीत १०८ टक्क्यांनी वाढली. वाचणाऱ्याला वाटते, दुसरीचे काम जास्त झाले. वास्तविक दुसरीचे अपंगत्व मुळात खूपच अधिक होते. दहा रुपयांवर १०८ टक्के वाढ म्हणजे जेमतेम एकवीस रुपये. संशोधकांनी हे लपवलेले नाही. टक्केवारीच्या पुढे काय आहे ते वाचायचा कंटाळा आपण करतो. दोघींत काही सुधारणा वीज बंद केल्यावरही टिकली आणि गंभीर अपाय झाला नाही, हे मात्र मोलाचे.

शिवाय या क्षेत्राला एक जुनी ठेचही लागलेली आहे. त्यातल्या एका कंपनीने मज्जारज्जूऐवजी मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड ठेवून हात परत आणण्याचा घाट घातला होता. छोट्या चाचण्यांनी मोठी आशा लावली. चाचणीला नावही कसे, 'एव्हरेस्ट'! शंभराहून अधिक रुग्ण घेतले. २००८ मध्ये निकाल आला तो असा की वीज आणि व्यायाम मिळालेल्यांत आणि नुसता व्यायाम मिळालेल्यांत ठरवलेल्या मापाने फरकच दिसला नाही. शिखर राहिले बाजूला, कंपनीच बुडाली.

म्हणून मावसभावाच्या मुलाने मला फोन केला तेव्हा उत्तर द्यायला मी वेळ घेतला. पिट्सबर्गची बातमी त्याला मोबाइलवर कुणीतरी पाठवली होती. त्याच्या आईचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, डावा हात तेव्हा सात वर्षांपासून छातीशी मुडपलेला. तो म्हणाला, 'काका, आईसाठी हे आपल्याकडे कुठे करतात? पैशाचं बघू. वेळ आली तर गावची जमीन काढू.' मी म्हटले, 'तू जमीन राहू दे. हे विकत मिळत नाही. तो प्रयोग होता, तारा २९ दिवसांनी काढल्या, त्या बायाही घरी गेल्या.'

पण एवढ्यावर भागत नाही, कारण यात एक धोका आहे आणि तो जमीनवाल्यांना आधी गाठतो. मज्जारज्जूला वीज देण्याचे यंत्र नवे नाही. असाध्य वेदनांसाठी नॉर्मन शीली या अमेरिकन शल्यचिकित्सकाने ते १९६७ मध्ये पहिल्यांदा बसवले, आणि वेदनेसाठी ते आज जगभर, आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतही, बसवतात. पिट्सबर्गने वापरल्या त्या तारा जवळपास त्याच जातीच्या. म्हणजे यंत्र आहे, बसवणारा आहे, जमीन विकणारा मुलगा आहे. उद्या कुणी 'हातासाठी बसवून देतो' म्हणाले तर विचारायचे की कोणत्या चाचणीत, कुठे नोंदवलेली, आणि चाचणी असेल तर पैसे माझ्याकडून का घेता? आणि आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट स्नायूला चिकटपट्ट्या लावून जो 'करंट' देतात, तो वेगळा. त्याचा उपयोग आहे, पण तो पिट्सबर्गचा नव्हे. पारव्याचे रक्त चोळणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही. त्यांच्यापाशी पारवा तरी मरतो, इथे माणूस मरेपर्यंत हप्ते फेडतो.

मग त्या मुलाला सांगायचे तरी काय? नुसते 'नाही' सांगून फोन ठेवणे म्हणजे पुन्हा 'जे आलं ते आलं' म्हणण्यासारखेच झाले. मी थोडे वाचले, दोन डॉक्टर मित्रांना पिडले आणि मला सर्वांत उपयोगी गोष्ट सापडली ती विजेच्या बाजूला नव्हे, विजेच्या सावलीत.

२०२१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आणखी एक चाचणी आली होती. त्यात वीज मानेतल्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूला दिली होती, तीही रुग्णाने हाताचा व्यायाम करताना, हालचालीच्या नेमक्या क्षणी. १०८ रुग्ण, सगळ्यांचा झटका किमान नऊ महिन्यांपूर्वीचा. यंत्र सगळ्यांना बसवले, पण निम्म्यांत ते नावापुरतेच चालवले. सहा आठवडे सगळ्यांनी सारखाच भरपूर व्यायाम केला, एकेका बैठकीत शेकडो वेळा तीच हालचाल. ६६ गुणांच्या परीक्षेत वीजवाल्यांचे सरासरी ५ गुण वाढले आणि बिनविजेवाल्यांचे २.४. अमेरिकन सरकारने त्याच वर्षी त्या यंत्राला मान्यता दिली. बातम्या सगळ्या पहिल्या आकड्याच्या झाल्या. मला दुसरा आकडा दिसला. ज्यांना वीज मिळालीच नाही, ज्यांचे सहा महिने केव्हाच उलटून गेले होते, त्यांचेही हात पुढे सरकले. त्यांच्यात साधारण चारातल्या एकाला तीन महिन्यांनीही जाणवण्याजोगा फायदा टिकून होता. हे कशाने? घामाने.

आणि लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधले उदाहरण तर याहून बोलके. तिथल्या रुग्णालयात हातासाठी खास वर्ग चालतो. रोज सहा तास, आठवड्यातून पाच दिवस, तीन आठवडे, म्हणजे ९० तास. २०१९ मध्ये त्यांनी २२४ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांपैकी निम्म्यांच्या झटक्याला दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता. सहा महिन्यांनी मोजले तेव्हा त्याच ६६ गुणांच्या मापावर मधल्या रुग्णाची वाढ होती ९. ना तार, ना शस्त्रक्रिया. या वर्गाला तुलनेचा दुसरा गट नव्हता, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी मांडून जिंकले-हरले ठरवणे चुकीचे होईल. पण ९० तास हा आकडा लक्षात ठेवा.

आपल्याकडे काय मिळते? रुग्णालयातून घरी आल्यावर पंचेचाळीस मिनिटांसाठी एक मुलगी येते. पहिली वीस मिनिटे चालवण्यात जातात, कारण घरच्यांना चालणे हवे असते. उरलेल्यात ती हाताचे सांधे फिरवून देते. रुग्ण पडून छताकडे बघतो. ते आखडू नये म्हणून आवश्यक आहे, पण तो तिचा व्यायाम झाला, रुग्णाचा नव्हे. दोन-तीन महिन्यांत रुग्ण संडासापर्यंत चालू लागतो आणि मुलीला 'उद्यापासून नको' सांगितले जाते. पाय आधी येतो यातही रहस्य काही नाही. मेंदूच्या ज्या रक्तवाहिनीत बहुधा घोटाळा होतो, ती हाताच्या भागाला अधिक रक्त पुरवते आणि पायाच्या भागाला कमी. शिवाय अर्धा सुधारलेला पाय खांबासारखा तरी उपयोगी पडतो. अर्धा सुधारलेला हात काहीच करत नाही. म्हणून तो अर्ध्यावर सोडला जातो, आणि अर्ध्यावरून मागे जातो.

विम्याकडे वळू. विमा नियामकाने गंभीर आजारांच्या प्रमाण व्याख्या ठरवून दिल्या आहेत. त्यांत स्ट्रोकच्या व्याख्येत मज्जासंस्थेतला कायमचा दोष किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा मागितला आहे. तीन महिने टिकला की कायमचा! ही व्याख्या मी वाईट म्हणणार नाही, कारण तिच्यामुळे पैसे लवकर हातात पडतात. पण घरच्यांच्या मनावर 'कायमचा' हा शब्द शिक्क्यासारखा बसतो, आणि पैसे जातात ते कर्ज फेडण्यात. मेडिक्लेमचे तर विचारूच नका. दाखल असाल तर खर्च, घरी आल्यावर बहुतेक पॉलिसींत साठ किंवा नव्वद दिवसांपर्यंतचा. त्यानंतरचा व्यायाम हा जणू तुमचा षौक.

नव्वद दिवस हा आकडा आम्हा बँकवाल्यांच्या फार ओळखीचा. मार्च २००४ पासून हप्ता नव्वद दिवस थकला की कर्ज अनुत्पादित ठरते. पुढे ते ताळेबंदातून निर्लेखितही करतात. पण बँकेत शिकाऊ अधिकाऱ्यालाही पहिल्या वर्षी हे शिकवतात की निर्लेखित केले म्हणजे माफ केले असे नव्हे. पुस्तकातून नाव काढले, तरी वसुली चालूच ठेवायची. दहा वर्षांनी येऊन मुद्दल भरणारे कर्जदार मी पाहिले आहेत. फार नाहीत, पण पाहिले आहेत. कुणी दारात जात राहिले म्हणूनच ते आले.

हाताच्या दारात जाणारे माणूस कोण? त्याला म्हणतात व्यवसायोपचारतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. फिजिओथेरपिस्ट आता तालुक्याच्या गावीही दिसतो. हा दुसरा मात्र अनेक सुशिक्षितांनी ऐकलेलाही नसतो. आणि गंमत पाहा, हे शास्त्र आशियात पहिल्यांदा शिकवले गेले ते आपल्या परळला! कमला निंबकर, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी, या न्यू जर्सीच्या अमेरिकन बाई लग्न होऊन निंबकर झाल्या आणि त्यांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. फलटणच्या कमला निंबकर बालभवनाचे नाव शिक्षणातल्या मंडळींना ठाऊक असते. ज्यांच्या नावाचे ते आहे त्या बाईंनी मुंबईत काय करून ठेवले, हे मात्र हात गेलेल्यांनाही कुणी सांगत नाही. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था १९५५ पासून उभी आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांपैकी काहींत हा विभाग आहे. तिथला खर्च खासगीच्या मानाने किरकोळ आहे. रांग आहे, ती मी नाकारत नाही.

माझे म्हणणे एवढेच की मज्जारज्जूच्या तारा यायच्या तेव्हा येतील. पिट्सबर्गची मंडळी कामाला लागलेलीच आहेत. येतील तेव्हाही त्या पुसट हुकुमालाच मोठे करतील, आणि ज्याचा हात पंधरा वर्षे आखडून सांधे दगड झाले आहेत, त्याला त्या कितपत उपयोगी पडतील, हा प्रश्नच आहे. म्हणजे उद्याच्या विजेसाठीसुद्धा आजचा व्यायाम चुकत नाही. आणि सरकारने, विमा कंपन्यांनी ९० दिवसांऐवजी ९० तास मोजायला सुरुवात करावी. झटक्यानंतर पहिल्या दोन वर्षांत कधीही वापरता येतील असे हाताच्या उपचाराचे ९० तास. एका सुईच्या इंजेक्शनवर, एका दिवसाच्या अतिदक्षता विभागावर जो पैसा बिनबोभाट मंजूर होतो, त्याच्याशी ताडून पाहा. हा प्रस्ताव मी कोणत्याही शाखेतून मंजूर केला असता.

वहिनींना सात वर्षांत एकाही व्यवसायोपचारतज्ज्ञाने पाहिले नव्हते. बोटे किंचित हलतात हे घरात सगळ्यांना माहीत होते, आणि कुणालाच त्याचे काही वाटत नव्हते. मुलाने अखेर त्यांना नेले. तिथल्या मुलीने तपासण्याआधी विचारले, 'आजी, कुठलं काम स्वतःच्या हातानं करावंसं वाटतं?' आम्हाला वाटले, पोळ्या म्हणतील. त्या म्हणाल्या, 'वेणी. सून घालते, पण घट्ट घालते.' या गोष्टीला आता वर्ष होऊन गेले. रोज दीड तास, टेबलावर, उजव्या हाताला मोजा घालून. चिडतात, रडतात, टीव्हीवरची मालिका चुकली म्हणून मुलाला बोलतात. डावा हात मानेपर्यंत जातो आता. तीनांतला एक पेड चिमटीत मिनिटभर धरला जातो, मग सुटतो. वेणी अजून सूनच घालते, जरा सैल.